केतकी काय म्हणाली

स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना अर्ध्या नाचणगावाला वाचायला लावणारी बाई माझ्या आत्याशिवाय दुसरी झाली नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. हे मी मायेपोटी म्हणत नाही. मी शिकलेली बाई आहे, पुराव्यानं बोलते.

पुराव्याआधी घरची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर आत्याची करामत कळायची नाही. मी शाळेत जायला लागेपर्यंत आमच्या घरात छापील कागद असा एकच होता, आणि तो भिंतीच्या भोकातून वारा येऊ नये म्हणून कोंबलेला होता. बाबा शेजारच्या पुलगावच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायला. आई हंगामात कापूस वेचायला, एरवी मिळेल त्या कामाला. आम्ही चार भावंडं, आईबाबा आणि आत्या मिळून सात माणसं एका खोलीत. सकाळी ज्वारीची भाकर, संध्याकाळी आंबील, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी. हप्त्याच्या पगाराच्या दिवशी बाबांच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली असायची आणि ती पुढं दोन दिवस जायची नाही. आत्या बाबांहून मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला तेव्हा सासरहून अंगावरचं लुगडं आणि एक गोधडी एवढं घेऊन ती परत आली, आणि दुसऱ्या आठवड्यात गिरणीत लागली. तिच्या खात्यात कांडीवरचं सूत रहाटावर गुंडाळून त्याच्या लड्या काढायच्या. दिवसभर उभं राहून काम.

आत्याला छापील अक्षराची विलक्षण हाव होती. स्वतःला वाचता येत नाही याची तिला लाज नव्हती. दुसरा वाचता येत असून मनातल्या मनात वाचतो, याचा मात्र तिला भयंकर राग यायचा. पुलगावच्या स्टेशनावर एखादा सद्‌गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसला की आत्या त्याच्यासमोर फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "एकटेच काऊन खाऊन राह्यले जी? जरा मोठ्यानं वाचा ना." तो बिचारा वाचायचा. गाडी सुटायची वेळ आली तरी वाचायचा. एकदा तर तिनं तिकीट-बाबूकडून भिंतीवरची सगळी सूचनापत्रकं वाचून घेतली आणि रुळ ओलांडण्याबद्दलच्या सूचनेवर "यात जीव नाई," असं मत दिलं. पुस्तक हातात आलं की आधी ती ते तळहातावर तोलायची, मग वास घ्यायची, आणि मगच ते वाचायच्या लायकीचं आहे की नाही ते सांगायची. माझं आठवीचं भूगोलाचं पुस्तक तिनं वासावरूनच नापास केलं होतं.

तर त्या वर्षी, मी आठवीत असताना, पुलगावच्या बाजारात आत्यानं फुटाणे घेतले. घरी आल्यावर फुटाणे पोरांनी खाल्ले आणि पुडीचा कागद सवयीप्रमाणं माझ्यापुढं आला. मी वाचलं. त्यात केतकी नावाची कोणी मुलगी विहिरीवर उभी होती, दिनकर नावाचा कोणी मुलगा नागपूरला शिकायला निघाला होता, आणि तो तिला काहीतरी सांगणार एवढ्यात पान संपलं. आत्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला. मग पायात वहाणा न घालता तशीच बाजाराकडं गेली. दिवेलागणीला परतली तेव्हा पदराखाली जवळपास अख्खं पुस्तक होतं. फुटाणेवाल्यानं पहिली काही पानं पुड्यांत घालवली होती. "पुठ्ठं नव्हतंच," आत्या म्हणाली. पानांच्या डोक्यावर नुसते आकडे. म्हणजे पुस्तकाला नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. होती ती फक्त केतकी.

आता असं पुस्तक घरात आल्यावर माणसं काय करतात? एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. आत्याला ते पटेना. गिरणीत जन्म गेलेली बाई. "एक कांडी धरून धा बाया बसल्या तं काम कवा उरकन?" असं म्हणून तिनं दार लावून घेतलं, सुईनं पुस्तकाची शिवण उसवली आणि त्याचे भाग मोकळे केले. त्या भागांना ती लड्या म्हणायची. एकेक लडी तिनं ज्या ज्या घरात शाळेत जाणारं पोर होतं त्या त्या घरात वाटून टाकली. आठवडाभर आपल्या घरची लडी वाचायची, रविवारी मोहल्ल्यातल्या निंबाखाली जमायचं, मत द्यायचं, मग लड्या बदलायच्या. कामाची अशी वाटणी गिरणीच्या मॅनेजरालाही सुचली नसती.

पहिल्याच रविवारी निंबाखाली भांडण पेटलं, कारण प्रत्येक घरानं वेगळंच पुस्तक वाचलं होतं. शेजारच्या सीताबाईंच्या वाट्याला पाचवी लडी आली होती. तिच्यात केतकी एका मालगुजाराशी, म्हणजे गावच्या जमीनदाराशी, लग्नाला होकार देते. सीताबाई कडाडल्या, "थो पोरगा तिकडं तापानं फनफनून राह्यला आन् हे भवानी इकडं शालू पाहून राह्यली! असी पोरगी मायी असती तं मी तिले विहिरीत ढकललं असतं." चौथी लडी माझ्या आईकडं होती. तिच्यात केतकीच्या बापाची जमीन त्या मालगुजारानंच दाबून ठेवलेली, आणि बाप अंथरुणाला खिळलेला. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "सीताबाई, तुमाले काईच मालूम नाई." पिंजण खात्यातल्या भुजंगकाकांना सहावी लडी मिळाली होती. त्या सोळा पानांत मालगुजार एका म्हाताऱ्या गड्याला स्वतःचं घोंगडं देतो, आणि दिनकरचं नावही येत नाही. त्यामुळं भुजंगकाकांचं ठाम मत झालं की हे पुस्तक मालगुजाराचंच आहे आणि केतकी त्याच्या वाटेत उगाच आली आहे. पुढं सगळ्या लड्या वाचून झाल्या तरी त्यांनी ते मत सोडलं नाही. "घोंगडं कोनं देल्लं? दिनकरनं देल्लं का?" या प्रश्नावर ते शेवटपर्यंत अडून राहिले. किराणा दुकानाची शेठाणी दुसरी लडी परत करताना म्हणाली, "लड़की तो अच्छी है बाई, लेकिन इत्ता रोने से शादी थोड़ी ना होती है. काम करो कुछ!" मला आजही वाटतं की त्या कादंबरीवरची सगळ्यात नेमकी टीका तीच होती.

आत्या या सगळ्यांची न्यायाधीश. पण ती निःपक्षपाती नव्हती. तिचा जीव केतकीवर. भाकरी थापताना एक लहानशी भाकर ती केतकीच्या नावानं बाजूला ठेवायची आणि संध्याकाळी स्वतःच खायची. दिनकरला ताप आलेली लडी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गिरणीत गेलीच नाही. मुकादमानं विचारलं, "काल नागा काऊन केला?"

"दिनकरले ताप होता."

"कोन दिनकर?"

"तुमी नाई ओळखनार जी. पाचव्या लडीत हाये."

बाबांना मात्र हे सगळं नापसंत. कादंबऱ्यांनी पोरी बिघडतात हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं ते सोडत नसत. भांडणं मिटावीत म्हणून पुढं रविवारी लड्या ओळीनं मोठ्यानं वाचायचं ठरलं, आणि निंबाखाली मी वाचायला बसले की ते आमच्याकडं पाठ करून सुतळी वळत बसायचे. इतकी सुतळी वळली त्यांनी, की पुढं दोन वर्षं आम्हाला बाजेसाठी विकत घ्यावी लागली नाही. एकदा केतकी आणि दिनकर पेरूच्या बागेत एकटेच भेटतात तो परिच्छेद आला. लाजून मी तो गुपचूप वगळला आणि पुढचा धरला. तशी पाठमोऱ्या बाबांचा आवाज आला, "मधातलं काऊन सोडलं?"

सगळी मंडळी खाली माना घालून हसली. मी मधलं वाचलं.

असं करत करत आम्ही सातव्या लडीच्या शेवटाशी आलो. लग्न मोडून, हातात एक गाठोडं घेऊन केतकी गाडीची वाट बघत फलाटावर उभी आहे. मागून धापा टाकत दिनकर येतो आणि तिला हाक मारतो. 'केतकीने मागे वळून पाहिले, आणि ती म्हणाली,' इथं सातवी लडी संपली. आठवी, शेवटची, कोणाच्याच वाट्याला आली नव्हती; ती आत्याकडं असणार असं आम्ही धरून चाललो होतो. ती पुढच्या रविवारी.

आणि नेमका तोच आठवडा माझ्या आयुष्याचा फैसला करणारा निघाला. माझा आठवीचा निकाल लागला होता, मी पास झाले होते, आणि बाबांनी जेवताना आत्याला सांगून टाकलं, "झालं तेवढं लय झालं. बाई, पुढच्या मयन्यात हिले तुया खात्यात लावून टाक." त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सात तोंडं होती. माझ्या वयाच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरी कामाला लागल्या होत्या. मी ताटातली भाकर कुस्करत बसले. आत्या काही बोलली नाही, आणि हे इतकं नवलाचं होतं की बाबांनी दोनदा तिच्याकडं पाहिलं.

रविवारी निंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतल्या दुसऱ्या खात्यांची माणसंही आली होती. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "आठवी लडी नाई. फुटाण्यात गेली."

असा शोक मी पुढं फार थोड्या वेळा पाहिला. भुजंगकाका तर त्या फुटाणेवाल्याला मारायलाच निघाले होते. आत्यानं सगळ्यांना बोलू दिलं, थकू दिलं, मग सुतळी वळणाऱ्या पाठीकडं बघून म्हणाली, "पुस्तकाले नाव नाई. दुकानात काय म्हनून मागान? पन मोठ्या शाळेत पुस्तकाचं कपाट राह्यते म्हन्तेत. एखांदी पोरगी तिथं असती तं एकएक पुस्तक काढून पाह्यलं असतं तिनं. पन जाऊ द्या. आमची तं पुढच्या मयन्यात कामाले लागते."

मग सगळा मोहल्ला बाबांकडं वळला. सीताबाई म्हणाल्या, "बापू, एका वर्सानं काय होते?" भुजंगकाका तर हात जोडून उभे राहिले, "बापू, पोरीले शाळेत घाल. मालगुजाराचं काय झालं हे समजल्याबिगर मले मरन येनार नाई." बाबांनी सुतळीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. शेवटी म्हणाले, "एकच वर्स. पुस्तक भेटलं का शाळा बंद."

अशी मी नववीत गेले. एका कादंबरीतल्या मुलीनं मागं वळून काय म्हटलं हे शोधण्यासाठी. शिक्षणाचा हेतू काय, यावर पुढं मी थोरामोठ्यांची भाषणं ऐकली. माझा हेतू त्यातल्या कोणाला सुचला नव्हता.

शाळेचं कपाट मी त्या वर्षी रिकामं केलं. केतकी सापडली नाही. सुट्टीत बाबांनी विचारलं, "भेटलं का पुस्तक?" मी नाही म्हटलं. "पास झाली का?" मी हो म्हटलं. आत्या मधेच म्हणाली, "धाव्वीतल्या पोरीईले दुसरं कपाट उघडून देतेत म्हन्ते." तिला हे कोणी सांगितलं होतं देव जाणे. दहावीत दुसरं कपाट नव्हतंच, पण मी ते सांगितलं नाही. त्याच कपाटातला इतिहास वाचला, प्रवासवर्णनं वाचली, उंदरांनी अर्धा खाल्लेला आयुर्वेद वाचला. मॅट्रिकला बसले ती अख्ख्या मोहल्ल्याचे नवस-सायास घेऊन. मधल्या काळात स्थळंही आली. आत्या प्रत्येक मुलाला पाणी देण्याआधी फलाटावरची सगळी हकीगत सांगायची आणि विचारायची, "आता सांगा, थे काय म्हनाली असन?" तळेगावच्या एका मुलानं आत्मविश्वासानं उत्तर दिलं, "म्हनाली असन, चुकलं माह्यं, माफ करा." आत्यानं पाण्याचा गडवा तसाच परत आत नेला.

मॅट्रिकचा निकाल लागला. आत्या म्हणाली, "वर्ध्याच्या कॉलेजात मानसाच्या डोक्याच्या वर कपाटं हायेत." शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पुलगावहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला जायला लागले. तिथं मराठीच्या प्राध्यापकांना मी धीर करून कथानक सांगितलं आणि पुस्तकाचं नाव विचारलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "असल्या बाजारी प्रेमकथा आम्ही वाचत नाही. त्यांनी अभिरुची बिघडते." दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, "पण मग ती काय म्हणाली?"

कॉलेजातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी आमचा मोहल्ला पांढरे कपडे घालून नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. आल्यावर बाबांनी घरातले देव बाहेर काढले, भिंती पांढऱ्या केल्या, कोनाकोपऱ्यातलं सगळं सामान अंगणात आणलं. एका गोष्टीला मात्र आत्यानं हात लावू दिला नाही: तिच्या गोधडीला. ती गोधडी ती कोणाला पांघरू देत नसे, नदीवर धुवायला देत नसे, उन्हात घातली तर शेजारी बसून राही. आम्हाला वाटायचं, नवऱ्याच्या घरची शेवटची वस्तू म्हणून असेल. आई म्हणायची, बोलू नका तिला.

आणि त्याच सुमारास आणखी एक बदल झाला, जो माझ्या ध्यानात आला नाही पण आत्याच्या आला. बाबांचे दोन प्रश्न उलटे झाले. आधी ते विचारायला लागले, "पास झाली का?" आणि मग, "पुस्तक भेटलं का?" पुढच्या वर्षी पहिला प्रश्न विचारून ते मला म्हणाले, "जरा बस, वाचून दाखव काईतरी," आणि दुसरा प्रश्न विसरले. एका रविवारी आंजीहून आलेल्या कोण्या पाहुण्याला ते सांगताना मी ऐकलं, "पोरीईले शिकवलं पाह्यजे, पाटील. मी तं आधीपासूनच म्हन्तो." भुजंगकाकांना तेव्हा ठसका लागला.

बी.ए.चा निकाल घेऊन मी पुलगावला उतरले तेव्हा बाबा फलाटावर उभे होते. गिरणीतून तसेच आलेले, केसांत कापूस. "झाली?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि नाचणगावपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं, "बी.ए. झाली." बैलांच्या जोडीलाही सांगितलं असतं, पण गाडीवाला पुढं निघून गेला. पुस्तकाची गोष्ट त्यांनी काढली नाही.

निंबाखाली मोहल्ला जमलाच होता. आत्यानं बाबांना विचारलं, "बापू, पुस्तक भेटलं का इचारलं पोरीले?"

"कोनतं पुस्तक?" बाबा म्हणाले.

आत्या हसली. आत गेली, गोधडी घेऊन आली, सगळ्यांच्या मध्ये बसली, एका कोपऱ्याचा टाका दातानं तोडला आणि आतून सोळा पानं काढली. सोबत पुठ्ठा, पहिल्याच दिवशी 'नव्हतंच' म्हणून सांगितलेला. त्यावर पदर डोक्यावर घेतलेल्या मुलीचं रंगीत चित्र; त्या चित्रापायीच आत्यानं तो लपवला असणार. सात वर्षं अंगाखाली राहून पानांना इस्त्री केल्यासारखी घडी बसली होती.

पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. कळलं तेव्हा भुजंगकाकांनी पानांकडं हात पुढं केला. बाबा म्हणाले, "बाई, सात वर्सं तू मले फसवलं!"

"फसवलं नाई. शेवटची लडी उतरली का रहाट थांबते, बापू. मले थांबू द्याचा नोता."

मला राहवलं नाही. "आत्या, तुझ्याजवळ होतं तर तुला तरी वाटलं नाही का गं, कोणाकडून वाचून घ्यावं? एकदा? गुपचूप?"

"रोज वाटे," आत्या म्हणाली. "पन मले समजलं असतं तं मी कोनाले तरी सांगतलं असतं. माह्यं तोंड तुले मालूम हाये." मग तिनं ती पानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "आता वाच माय. मोठ्यानं."

मी वाचलं. केतकीनं मागं वळून पाहिलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

मग सीताबाई म्हणाल्या, "येवढंच?" शेठाणी म्हणाली, "सही पूछा. भूखे आदमी से क्या बात करना!" बाबा घसा खाकरून म्हणाले, "थे तसंच म्हनन असं मले वाटेच." भुजंगकाकांनी विचारलं, "आन् मालगुजार?" मालगुजाराचा त्या सोळा पानांत उल्लेखसुद्धा नव्हता, आणि त्यावरून पुन्हा भांडण सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत चाललं. आत्या भांडली नाही. पुठ्ठ्यावरच्या मुलीच्या तोंडावरून बोट फिरवत ती एकटीच हसत होती आणि पुटपुटत होती, "मले वाटलंच होतं. उपाशीच आला असन थो."

पुठ्ठ्यावर पुस्तकाचं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. ज्याला हवं त्यानं कपाटं उघडावीत. आत्या आता नाही. गोधडी माझ्याकडं आहे. तिचा एक कोपरा उसवलेला आहे आणि तो मी शिवत नाही. कधी एखादं चांगलं पुस्तक हाती लागलं तर खोलीत एकटी असले तरी मोठ्यानं वाचते. मनातल्या मनात वाचलं की कोणीतरी समोर फतकल मारून बसलंय असं वाटतं.

एवढं मात्र नोंदवून ठेवते. माझ्या बाबांनी पुढं गिरणीत अंगठा दिला नाही, मी शिकवलेली सही केली. माझ्या पाठच्या दोघी बहिणी कोणतंही कारण न सांगता हायस्कुलात गेल्या. आणि आमच्या घराण्यात, आमच्या मोहल्ल्यात, पहिली बी.ए. मी झाले.